खिडकीतला पिवळा चौकोन

अण्णा,

आज रविवार, सात डिसेंबर, सकाळचे सव्वासात. कोळवणला एका फार्महाउसच्या मागच्या पायरीवर बसून मी दुसऱ्याच्या कॅमेऱ्याची काच पुसतोय. काच स्वच्छ आहे, मघाशीही स्वच्छच होती. बॅटरी भरलेली आहे, जादाची खिशात आहे, कार्ड रिकामं आहे. हे सगळं पुन्हा पुन्हा बघून झालं. पुढच्या अंगणात मांडव घातलाय आणि अकराच्या मुहूर्तावर तिथे लग्न लागणार आहे. घरच्यांसाठीचे फोटो मी काढायचे आहेत. तुम्ही पौडच्या बाजारात, स्टुडिओच्या पायरीवर उभं राहून, मला डोळाच नाही असं लोकांना सांगितलंत, त्यानंतर लग्नात कॅमेरा हातात धरायची ही माझी पहिलीच वेळ. आत बायकांची पोह्यांची गडबड चालली आहे, मला अजून कुणी हाक मारलेली नाही. तेवढ्या वेळात तुम्हाला लिहितोय.

कॅमेरा ज्यांचा आहे ते काका यवतमाळकडचे. हिंजवडीला नोकरी केली, निवृत्त झाले, इथे भातशेतीची जमीन घेऊन घर बांधलं. मी इथून जवळच चांदे गावात ज्या अल्बमवाल्याकडे कामाला आहे, तिथे ते फोटो छापून घ्यायला येतात. माझं तिथलं काम म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले हजारो फोटो एकेक करून मोठे करून बघायचे, फोकस चुकलेले बाजूला टाकायचे, चांगले निवडायचे. ज्याला डोळा नाही त्याला लोक याच कामाचा पगार देतात, हे तुम्हाला मुद्दाम कळवतोय. काकांनी दोनेक आठवड्यांपूर्वी कॅमेरा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "घे ना बाबा, तूच काढ. व्हिडिओवाले पुण्याहून येऊन राहिले, पण ते ड्रोन उडवतील. मला माणसं पाहिजेत. अन् मी कॅमेरा घेऊन फिरलो तर कन्यादान कोण करन?"

मी म्हणालो, मला जमत नाही.

"काहून? हात कापतात का तुझे?"

हात नाही, डोळा नाही, असं मी म्हणालो. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

तो कॅमेरा लांबून बघितला तर तुमचाच वाटेल. तसाच चपटा, काळा आणि चंदेरी, आणि बघायची खिडकी भिंगाच्या मागे नाही, वरच्या डाव्या कोपऱ्यात. तुमच्या खिडकीच्या मधोमध तो फिकट पिवळा चौकोन असायचा आणि त्यात समोरचा माणूस दोनदा दिसायचा, एकावर एक सरकलेला. भिंगावरची रिंग फिरवत न्यायची, दोन माणसं एकमेकांत मिसळून एक झाली की फोकस लागला. तुम्ही मला हे शिकवलंत तेव्हा मी नववीत होतो, आणि त्याच वर्षी शाळा सुटली. "शाळा काय फोटू काढायला शिकवणार हाय का?" असं तुम्ही आईला म्हणालात. गुरुजी घरी येऊन गेले. मला मराठीत वर्गात सगळ्यात जास्त गुण आहेत असं ते सांगत होते आणि तुम्ही त्यांना चहा पाजून त्यांचा पासपोर्ट फोटो फुकट काढून दिलात.

तुम्ही चांगलं शिकवलंत, हेही लिहायला हवं. चेहऱ्यावर फोकस धरायला जाऊ नको, गाल गोल असतात, चौकोनात नीट जुळत नाहीत. सरळ उभी रेघ शोध. दाराची चौकट, सदऱ्याची पट्टी, आणि लग्नात मुंडावळ्या. "मुंडावळी धर. दोनाची एक झाली की दाब. नवरदेवाच्या तोंडाकडं बघत बसू नको, ते हलतंय." दुसऱ्या कुठल्या मुलखात फोटोग्राफर असं शिकवत असतील असं मला वाटत नाही. आणि जवळून काढायचा असेल तर खिडकीत दिसतं त्याहून जास्त जागा डोक्यावर सोडायची, कारण खिडकी वर आणि भिंग खाली, दोघांना दिसतं ते वेगळं. "न्हाईतर टकुरं कापलं जातंय, आन गिऱ्हाईक तुझं कापतंय." हा विनोद तुम्ही दर वेळी करायचात आणि दर वेळी मी हसायचो.

काकांच्या कॅमेऱ्यात ही जागा सोडावी लागत नाही. खिडकीत पांढऱ्या उजेडाची चौकट दिसते आणि जवळ गेलं की ती आपोआप भिंगाकडे सरकते. चौकटीच्या बाहेरचंही दिसतं, म्हणजे कोण आत यायला निघालंय ते आधीच कळतं. ते सुख तुमच्या कॅमेऱ्यातही होतं. पण याला पुढच्या बाजूला एक खटका आहे. तो ओढला की काचेची खिडकी बंद होते आणि तिथेच एक बारीकसा पडदा उजळतो. त्यावर खुद्द भिंगाला जे दिसतंय तेच दिसतं, आणि जिथे फोकस आहे तिथल्या कडा लाल चमकतात. काकांनी मला ते दुकानातच दाखवलं. ते काउंटरला टेकून उभे होते, मी हळूहळू रिंग फिरवत होतो. त्यांच्या मिशीवरचा लाल रंग निघाला, खांद्यावरून मागे सरकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या आकड्यांवर जाऊन बसला. काका धूसर, कॅलेंडर लख्ख. आणि मला रिहे गावचं, मी एकट्याने फोटो काढलेलं लग्न आठवलं, त्यातली झालर.

त्या लग्नाचा एक फोटो आईने ठेवून दिलेला आहे. बाकीचे तुम्ही फाडलेत. त्यात नवरा-नवरी, मामा, सगळे पिठासारखे पुसट, आणि त्यांच्या मागे मांडवाच्या कापडाची झालर अशी की तिचे टाके मोजावेत. इतकी वर्षं मी तो फोटो उलटा करून ठेवत आलो. त्या रात्री घरी जाऊन पहिल्यांदा कामावरचा असल्यासारखा बघितला. हात हलला असता तर झालरही हलली असती, अण्णा. हात हललेला नव्हता. फोकस लागला होता, फक्त दुसरीकडे.

तुमचा कॅमेरा कपाटात होता. मी त्याची पाठ उघडली, रोल जिथे पसरतो तिथे बटरपेपरचा तुकडा ताणून चिकटवला, शटर उघडं धरलं आणि अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या बांबूवर रोखला. पिवळ्या चौकोनात बांबू एक झाला, अगदी एक, केसाचाही फरक नाही. कागदावर तो उलटा दिसत होता आणि पुसट होता. त्याच्यामागे शेजाऱ्यांच्या खिडकीचे गज मात्र स्पष्ट. खिडकी आणि भिंग यांना जोडणारा आत एक बारीक दांडा असतो, तो वाकलेला होता. माझ्या डोळ्याने जे जुळवलं ते बरोबर जुळवलं होतं.

मग मला सगळं ओळीने आठवत गेलं. त्या लग्नाआधीच्या दिवाळीत रिह्याच्या वळणावर तुमची मोटारसायकल घसरली, गुडघा सोलला, पिशवीचा कोपरा फाटला. "काय न्हाई झालं," म्हणून तुम्ही कॅमेरा धोतराने पुसलात. त्यानंतर तुम्ही खिडकीतून फक्त चौकट बघायचात, आणि गिऱ्हाइकापासून मागे पावलं टाकत येऊन रिंग अंदाजाने, तिच्यावरच्या अंतराच्या आकड्यावर लावायचात. मला वाटायचं हा अनुभव. आपल्यालाही एक दिवस असं न बघता जमेल. महिन्याभरात तुळशीची लग्नं झाली आणि एकाच दिवशी दोन लग्नांच्या सुपाऱ्या आल्या. तुम्ही दुसऱ्याचा कॅमेरा भाड्याने आणून भूगावला गेलात, आणि हा माझ्या गळ्यात घालून मला रिह्याला पाठवलंत. फ्लॅश दुबळा, म्हणून भिंग पूर्ण उघडं ठेवायचं. त्यात फोकस जरा चुकला तरी माफी नाही. मी प्रत्येक फोटोला मुंडावळी धरली. दोनाची एक झाल्याशिवाय एकदाही दाबलं नाही.

रोल धुऊन आले आणि नवरीचे वडील चार माणसं घेऊन स्टुडिओवर आले. मी आत पडद्यामागे होतो. ते म्हणाले, "आवं, पोरीचं लगीन का पुन्यांदा लावू आमी?" तुम्ही मला हाताला धरून बाहेर आणलंत. "पोरानं घालवलं पाव्हणं. डोळाच न्हाई याला. माजीच चूक, लई भरवसा टाकला." ते लोक माझ्याकडे बघत होते. त्यातला एकजण म्हणाला, "जाऊ द्या, ल्हान हाय," आणि मला तेच जास्त लागलं. नंतर बाजारात चहावाल्यापासून सगळे मला "काय रे, दिसतंय का?" म्हणून बोटं दाखवायचे. तुम्ही तिथे असलात तर तुम्हीही हसायचात.

बटरपेपरचं मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिने ताटातून मान वर केली नाही. म्हणाली, "त्यांना म्हाईत व्हतं रं. म्हणून तर पावलं मोजायचे."

मग मला का नाही सांगितलं?

"गडबडीत राहिलं म्हनाले. वाटंत आठवलं, तवर तू गेल्ता."

आणि दुकानासमोर? तिथे तर गडबड नव्हती.

तिने दोन खडे वेचून बाजूला टाकले. म्हणाली, "मी इचारलं व्हतं. म्हनाले, दुकानाचं नाव गेलं तर परत न्हाई यायचं. पोरगं काय, राहील उभं."

अण्णा, दुकान तुमच्यानंतर वर्षभरसुद्धा चाललं नाही. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पोरगं उभं राहिलं नाही. त्याने लाइट धरले, वायरी गुंडाळल्या, अल्बमवर नावं लिहिली, आणि कुणी कॅमेरा पुढे केला की हात मागे घेतला. तुम्ही दोन वर्षं जगलात त्यानंतर. पौडच्या दवाखान्यात शेवटचे आठ दिवस मी तुमच्या उशाशी होतो. तुम्ही मला दुकानाची कुलपं, उधारी, बॅकग्राउंडचा निळा पडदा कसा गुंडाळायचा, हे सगळं सांगितलंत. एक वाक्य जास्त सांगितलं असतं तर तुमचं काय गेलं असतं? तिथे गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.

हाक आली. जातो.

आता दुपारचे साडेतीन. जेवणाच्या शेवटच्या पंगती बसल्या आहेत आणि मी परत पायरीवर आहे. सांगतो. सुरुवातीला मी खटका ओढून पडद्यावरच काढत होतो, लाल कडा बघून. एकही चुकला नाही. पण पडद्यात माणसं जरा उशिरा हलतात, आणि चौकटीबाहेर कोण आहे ते कळत नाही. म्हणून अंतरपाट धरला तेव्हा मी काचेच्या खिडकीवर आलो. यात एक सोय आहे, खिडकी काचेचीच राहते आणि खालच्या कोपऱ्यात बोटाच्या नखाएवढ्या चौकोनात भिंगाचं म्हणणं मोठं करून दिसतं. नवरा मुलगा बेळगावकडचा, उंच, मुंडावळ्या त्याच्या गालांवर हलत होत्या. मी एक मुंडावळी धरली. अक्षता पडत होत्या, सगळे नवरा-नवरीकडे बघत होते आणि चौकटीच्या बाहेर, डावीकडे, काका उभे होते. ते कुणाकडेच बघत नव्हते. हातातल्या अक्षता टाकायच्या विसरून गेले होते. मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला, रिंग फिरवली आणि दाबलं.

तो फोटो पूर्ण मोठा करून मी चार वेळा बघितला. पापण्या वेगळ्या दिसतात. कामावर माझ्यापुढे आला असता तर मी तो सगळ्यात वर ठेवला असता.

तुम्हाला वाटेल आता याचा राग गेला असेल. गेला नाही. उलट बारा ते तीन मी त्याच रागात होतो, की हे मला पंधराव्या वर्षी येत होतं. सतरा-अठरा वर्षं कुणाच्या दुकानाच्या नावापायी गेली याचा हिशोब मला मांडता येत नाही, आणि तुमच्याकडून वसूलही होत नाही. हा कागद पाठवायला पत्ता नाही आणि आईला वाचून दाखवायची माझी इच्छा नाही. घडी करून कॅमेऱ्याच्या पिशवीतही ठेवणार नाही, पिशवी दुसऱ्याची आहे.

एकच राहिलं. मघाशी काकांना तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितला. पुण्याचा व्हिडिओवाला, काकांचे व्याही, दोन-चार पाहुणे, सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. व्याह्यांनी विचारलं, "छान धरलंय हो. कुणाकडं शिकलात तुम्ही?"

मी म्हणालो, कुणाकडेच नाही. माझं मीच.

चार माणसांत म्हणालो, अण्णा. खोटं होतं, आणि बोलताना मला बरं वाटलं.