जोडणी आहे, आढळत नाही

४ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. हेतू एकच: घरातील इंटरनेटच्या बिघाडाची शिस्तबद्ध नोंद. भावना, हवामान आणि प्रकृती यांना येथे प्रवेश नाही.

वस्तुस्थिती अशी. लॅपटॉपवर वर्तमानपत्र उघडते. शब्दकोश उघडतो. चिरंजीवांच्या शहराकडे जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रकही उघडते (सहज पाहिले). अर्थात इंटरनेट आहे. तरीही पडद्याच्या कोपऱ्यातील पृथ्वीगोलावर फुली आहे, आणि व्हिडिओ कॉलचा प्रोग्रॅम 'इंटरनेट जोडणी आढळली नाही' एवढे एकच वाक्य बोलून मिटतो.

परिणाम: ही चिरंजीवांकडे गेल्यापासून तिचा एकही कॉल मला मिळालेला नाही. ती करीत असणारच. बॅग उचलताना दारात 'करीन फोन' असे म्हणाली होती, आणि सबंध संसारात ती माझ्याशी खोटे बोललेली नाही. आप्तवाक्य प्रमाण.

संकल्प: आठवड्याच्या आत दोष शोधून काढणे. तर्कशास्त्र शिकवण्यात हयात गेली. एका यंत्राने आपल्याला चकवावे हे शोभत नाही.

५ मार्च
कोणी आक्षेप घेईल की माझा बटणांचा मोबाइल चालू असताना लॅपटॉपचा आग्रह कशाला? उत्तर सोपे आहे. मोबाइलवर मी बोलू लागलो की मला थांबवता येत नाही, असे हिचे जुने गाऱ्हाणे. समोर असले की हात वर करून थांबवता येते. म्हणजे तिचा कॉल येणार तो तोंड दिसेल असाच येणार.

दुसरा आक्षेप: मग मीच मोबाइलवरून का करीत नाही? कारण 'करीन' असे ती म्हणाली आहे. मी आधी केला तर तिचे विधान खोटे पडेल. पत्नीला खोटे पाडणे माझ्या स्वभावात नाही.

आक्षेप संपले.

६ मार्च, दुपार
लॅपटॉपमध्येच 'दोष शोधा' नावाचा प्रोग्रॅम सापडला. आनंद झाला. आपल्यासारखाच कोणी पद्धतशीर विचार करणारा भेटला असे वाटले.

त्याचा पहिला प्रश्न: केबल नीट लावली आहे का? आमच्याकडे वायफाय आहे, केबल नाही. 'हो' म्हणावे तर असत्य. 'नाही' म्हणावे तर तो म्हणतो, लावा. तिसरा पर्याय नाही. असले प्रश्न विचारणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढीत असे. अखेर असत्य बोललो.

मग हिरवी पट्टी बराच वेळ इकडून तिकडे सरकत राहिली. निष्कर्ष: 'कोणताही दोष आढळला नाही.' त्याच्याच खाली: 'इंटरनेट जोडणी आढळली नाही.' एका खिडकीत परस्परविरोधी दोन विधाने, आणि खाली 'ठीक आहे' असे बटण. ठीक काय आहे?

या गडबडीत दूध उतू गेले. त्याचा विषयाशी संबंध नाही; नोंद चुकून झाली.

८ मार्च
कंपनीच्या मदतकेंद्राला फोन. एक बाई, आवाज गोड. राउटर बंद करून पुन्हा चालू करा म्हणाली. कोणत्या आधारावर, असे विचारले. 'आधार नाही हो सर, असंच करतात सगळे.' बहुमत म्हणजे प्रमाण नव्हे, हे तिला समजावून सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. नंतर लक्षात आले की मध्येच केव्हातरी गाणे लागले होते.

पुन्हा आली तेव्हा म्हणाली, सर, घरात दुसरं कोणी आहे का? प्रश्नाचा प्रस्तुत विषयाशी संबंध काय, असे मी विचारले. म्हणाली, दुसऱ्या मोबाइलवर नेट चेक करायचं होतं. सध्या कोणी नाही, असे सांगितले. 'सध्या' हा शब्द मी मुद्दाम वापरला.

राउटर बंद करून चालू केला. फुली कायम.

१० मार्च
नेटवाला आला. अंगाने भरदार, घसा मोठा, बोलणे जिन्यापासून सुरू. शिडी लावून वायर ओढून पाहिली आणि 'काका, लाइन एकदम कडक आहे' असा निर्वाळा दिला. लॅपटॉपकडे बोट दाखवले तर म्हणे, 'हे तुमच्या डब्यातलं दुखणं, माझ्या लायनीतलं नाही.' म्हणजे आजार आहे हे मान्य. रोगी आपला नाही.

जाताना विचारले, 'काकू दिसत नाहीत?' हवापालटासाठी गेल्या आहेत म्हटले. 'कधी येणार?' त्याने आपल्या लायनीतच राहावे, असे सुचवले. हसला. पाणी मागितले. दिले तर भांड्यात डोकावून म्हणाला, काका, भांडी पावडरने घासा, नुसती विसळू नका.

१२ मार्च, संध्याकाळ
खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, निवृत्ती पदापुरतीच. हिची जिवाभावाची मैत्रीण. अंगठ्याने लॅपटॉप दाखवून म्हणाल्या, अजून भांडण चालूच का याच्याशी?

त्यांना अनुपलब्धी समजावून सांगितली. खोलीत घागर असती तर दिसली असती, दिसत नाही, म्हणून नाही. परंतु ही युक्ती केव्हा लागू? उजेड असेल आणि डोळे उघडे असतील तेव्हाच. अंधारात घागर दिसली नाही म्हणून घागर नाही असे म्हणता येत नाही. तद्वत या लॅपटॉपवर हिचे कॉल दिसत नाहीत, यावरून ती कॉल करीत नाही असे मुळीच सिद्ध होत नाही.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, 'सर, काल माझ्याशी अर्धा तास बोलली की ती. मोबाइलवर.'

माझ्याविषयी काही विचारले का, हे मी विचारले नाही. प्रश्न सूचक ठरला असता.

१३ मार्च
बाईंचे विधान तपासले. ती बाईंशी मोबाइलवर बोलते, यावरून ती माझ्याशी बोलू इच्छीत नाही असा निष्कर्ष निघत नाही. बाईंचे तोंड पाहण्याची तिला गरज नाही, एवढेच निघते.

झोप बरी लागली नाही. उशी बदलून पाहिली. तिची घेतली, परत ठेवली.

१५ मार्च
काही पार्श्वभूमी नोंदवणे आवश्यक वाटते.

गेल्या महिन्यात एके दिवशी भाजी निवडताना ही म्हणाली, मला या घरात करमत नाही. विधान संदिग्ध होते. 'करमणे' म्हणजे काय, याची व्याख्या मी मागितली. ती भाजी निवडत राहिली. तेव्हा व्याख्या राहू दे, तीन उदाहरणे दे, म्हटले. तिने दोन दिली. पहिले असे की मी जेवताना भाजी कशी झाली ते सांगत नाही, फक्त मीठ कमी असल्यास सांगतो. हे मी मान्य केले. दुसरे असे की तिची बहीण गेली तेव्हा मी तिला रडण्याचे कारण विचारले. येथे मला दुरुस्ती करावी लागली. रडण्याचे कारण मी विचारले नव्हते. सायंकाळपर्यंत रडत राहण्याचे कारण विचारले होते. फरक आहे. उदाहरण बाद झाले.

तिसरे तिने दिलेच नाही. उठली आणि चिरंजीवांना फोन लावला. ते येऊन घेऊन गेले, आणि हा लॅपटॉप ठेवून गेले.

यावरून तिचा पक्ष किती दुबळा होता हे स्पष्ट व्हावे.

१९ मार्च
चिरंजीवांचा फोन, मोबाइलवर. आई बरी आहे. रोज सकाळी सूनबाईंबरोबर फिरायला जाते. तिथल्या बायकांत रमली आहे. परवा म्हणे इतकी हसली की चहा सांडला. हे मला का सांगितले ते समजले नाही. कशावर हसली, ते विचारले. 'असंच हो बाबा.' कारणाशिवाय हसणाऱ्यांपैकी ती नव्हती. निदान येथे नव्हती.

मग सहज विचारले की लॅपटॉपवर कॉल करून पाहते का? चिरंजीव म्हणाले, 'केला असेल, बाबा. विचारतो.' 'केला असेल.' नोंद घ्यावी. नकार नाही.

मन प्रसन्न. दाढी केली.

२२ मार्च, सकाळ
दोष सापडला.

लॅपटॉपच्या सर्व सेटिंग्ज एखाद्या ग्रंथासारख्या पहिल्या ओळीपासून वाचायला घेतल्या होत्या. सुरक्षेच्या प्रकरणात मनाई केलेल्यांची एक यादी निघाली. यादीत एकच नोंद: जोडणी तपासणारा प्रोग्रॅम. आणि आठवले. चिरंजीव हिला घेऊन गेले त्या संध्याकाळी या यंत्राने पडदाभर विचारले होते: जोडणी आहे की नाही हे पाहण्यासाठी मी बाहेर संपर्क करू का? कारण दिले नव्हते. कारण दिल्याखेरीज मी कोणालाही संमती देत नाही. 'नाही' दाबले. शिवाय 'पुन्हा विचारू नका' हेही दाबले.

तेव्हापासून हे बिचारे यंत्र बाहेर विचारायला मनाई म्हणून आतल्या आत ठरवीत आहे की बाहेर कोणी नाही. इतर सर्व प्रोग्रॅम त्याच्याच शब्दावर विसंबून.

मनाई उठवायला एक बटण पुरेल. उद्या उठवतो.

२३ मार्च
आज नको. रविवारी हिला दगदग असते.

२५ मार्च
तत्त्वाचा प्रश्न आहे. यंत्राने कारण न देता विचारले, ही त्याची चूक. माझा नकार योग्यच होता. तो मागे घेण्यापूर्वी विचार झाला पाहिजे. विचार चालू आहे.

२८ मार्च
बटणावर बोट ठेवले होते. तेवढ्यात बेल वाजली. कोणी नव्हते, शेजारच्यांची होती. क्षण गेला.

एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो. फुली आहे तोवर तिचे कॉल येत असण्याची शक्यता पूर्णपणे शाबूत आहे. आज सकाळी एक आला असेल. कालही आला असेल. किती वेळा प्रयत्न करते बिचारी.

१ एप्रिल, दुपार
खालच्या बाई पुन्हा आल्या. दोष सापडला आहे असे अभिमानाने सांगितले. मग दुरुस्त का केला नाही, असे त्यांनी विचारले. मी तत्त्वाचा मुद्दा मांडू लागलो. मध्येच तोडून म्हणाल्या, 'सर, तुम्हाला नेट नकोय. तुम्हाला निमित्त हवंय.' आरोपाला पुरावा काय, असे विचारले. म्हणाल्या, 'पुरावे तुम्ही मागा, मी चालले. फोन करा तिला. आणि कारणं विचारू नका. बोला नुसतं.'

नुसते बोलणे म्हणजे काय, हे स्पष्ट न करताच गेल्या.

२ एप्रिल, सकाळ
मनाई उठवली. फुली तत्काळ गेली. कॉलचा प्रोग्रॅम उघडला. मधल्या काळात आलेले सर्व कॉल तो नावांसह दाखवतो, असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे. यादी उघडली.

यादी कोरी.

माहितीपत्रक पुन्हा वाचले. तसेच लिहिले आहे. प्रोग्रॅमला माहितीपत्रक माहीत नसावे.

२ एप्रिल, संध्याकाळ
निर्णय: कॉल मीच करणार. परतण्याच्या बाजूचे मुद्दे क्रमाने मांडून पाठ केले. झाडे वाळत आहेत. तिच्या नेहमीच्या चष्मेवाल्याचे दुकान येथे आहे. मला पाठीला मलम लावता येत नाही. सर्व मुद्दे बिनतोड. उद्या सायंकाळपर्यंत तिच्या परतीच्या गाडीची वेळ ठरलेली असेल. सदऱ्याला इस्त्री केली.

३ एप्रिल
कॉल लागला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. जोडणीविषयी कोणतीही तक्रार नाही.

ही स्वयंपाकघरात बसली होती, शेजारी सूनबाई. केस कापून आखूड केले आहेत. चष्मा नवा. 'अहो, तुम्ही?' म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर खोडून काढता आला असता.

तू कॉल करीत होतीस का, असे विचारले. 'नाही हो,' म्हणाली. 'करीन करीन म्हणता राहिलाच.' मग मी मुद्दे मांडले. क्रम चुकला नाही. तिने हात वर केला नाही, एकदाही अडवले नाही. शेवटचा मुद्दा झाल्यावर म्हणाली, 'बरोबर आहे तुमचं. सगळं बरोबर आहे.' मी जिंकलो होतो. मग त्याच आवाजात म्हणाली, 'पण मी नाही येत.'

याला उत्तर सुचेना. आयुष्यात प्रथमच. काही बोलावे तर आवाज कसा निघेल याची खात्री नव्हती. म्हणून हललोच नाही. श्वास रोखून तोंड जसे होते तसेच ठेवून पडद्याकडे पाहत राहिलो.

'अहो? ऐकू येतंय का?' तिने पुन्हा हाक मारली. सूनबाई म्हणाली, आई, नेट गेलं वाटतं त्यांच्याकडचं. युक्ती लागू पडली.

ही चष्मा सारखा करून अगदी जवळ आली. 'किती बारीक झालेत बघ,' म्हणाली. सूनबाईने हळूच विचारले, खरंच नाही का जाणार तुम्ही? तेव्हा हिने सांगितले, 'गेले तर चार दिवस बरं वाटेल गं त्यांना. पाचव्या दिवशी विचारतील, का आलीस, कारण सांग.'

या विधानावर मला आक्षेप होता. मी विचारले नसते. पण बोललो असतो तर जोडणी चालू असल्याचे सिद्ध झाले असते, म्हणून आक्षेप नोंदवता आला नाही.

ती पाहत राहिली. मीही. डोळे झोंबू लागले. पापणी न हलवल्याने तसे होते. गालावरून काहीतरी ओघळले ते पुसता आले नाही.

सूनबाई म्हणाली, 'आई, बाबा हलले बघा. ते... आई, बघा ना.'

'नाही गं,' ही घाईने म्हणाली. 'अडकलंय ते चित्र.' आणि कॉल बंद केला.

तिला काहीच कळले नाही.