एकाआड एक रविवार, बागनदीचं पेट्रोल

प्रिय मामा,

तुमच्यावर राग आहे आणि तो कोणाजवळ काढता येत नाही, म्हणून लिहून राहिलो. आईला सांगितलं तर ती म्हणेल, गेलेल्या माणसावर कायले रुसतं बावा. तुमची तेरवी होऊन दोन महिने झाले. रडायचं ते रडून झालं. हे वेगळं आहे. हा सरळ सरळ जळफळाट आहे, आणि तो मामीवर आहे.

तो पहिला रविवार आठवते का तुम्हाला? मी आयटीआय अर्धवट सोडून घरी पडून होतो. तुम्ही गोंदियाहून आमगावला आलात, दारात मोटारसायकल लावली आणि आईला म्हणालात, "पोट्ट्याले घेऊन जातो. पेट्रोल भरून येतो."

"आमगावात पेट्रोल नाई भेटत काय?" आई म्हणाली.

"भेटते न. पण छत्तीसगडात स्वस्त आहे."

देवरीवरून हायवेला लागायचं, हद्द ओलांडायची, की बागनदीचा पंप. आई हसली होती. जाण्यायेण्यात जेवढं जळते त्यात वाचलेलं सगळं जाते, हे तिलाही कळत होतं. त्यावरचं उत्तर तुम्ही मला रस्त्यात दिलं. "फिराले जातो म्हटलं त लोक दहा कामं सांगतात. पेट्रोल भराले जातो म्हटलं त कोणी आडवं येत नाई."

मला तेव्हा वाटलं, हा माणूस आपल्या जातीचा आहे.

मग तुम्ही मला ती सगळी कला शिकवली. निघतानाच टाकी जवळजवळ रिकामी पाहिजे, म्हणजे तिकडे जास्त मावते. देवरीचा पंप दिसला की मान वळवायची नाही. मध्यप्रदेशातले बालाघाटवाले आपल्याकडं स्वस्त म्हणून भरायला येतात आणि आपण त्यांच्यावर हसत छत्तीसगडला जातो, यात तुम्हाला भारी मजा वाटायची. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो कान. गाडी उभी करायची, दोन्ही हातांनी हलवायची, टाकीला कान लावायचा आणि आतल्या आवाजावरून सांगायचं, अजून किती जाईल. तुम्ही म्हणायचे, "जाते बागनदीपर्यंत." आणि जायची. मला तो आवाज कधीच कळला नाही. "येईल तुलेबी हळूहळू," म्हणायचे तुम्ही.

नाही आला, मामा.

एक रविवार आपला, दुसऱ्या रविवारी तुम्हाला राईस मिलमध्ये मोटारीचं काम. असं तुम्हीच सांगितलं होतं. चार वर्षं मी त्या मिलला शिव्या दिल्या. त्या रिकाम्या रविवारी मी एकटाच कुठे कुठे भटकायचो. एकदा चोरखमाऱ्याच्या तळ्यावर गेलो, तिथं एक बगळा मासा गिळताना अडकला होता, तो कसा सुटतो ते पाहत दुपार घालवली. सुटला. पण सांगायचं ते हे नाही.

तेरवीनंतर मामीनं गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. "तूच चालव," म्हणाली. मला वाटलं, बरोबर आहे, माझीच आहे. पहिल्याच रविवारी निघालो. तुमच्यासारखा कान लावला, जाते म्हटलं, आणि हद्दीच्या अलीकडेच गाडी बंद पडली. देवरीचा पंप मी मान न वळवता मागे टाकला होता. ढकलत गेलो. ट्रकवाले हॉर्न वाजवून हसून राहिले होते.

पंपावर पेट्रोल टाकणारी ती बाई आहे न, जाड चष्म्याची? तिनं आधी गाडी ओळखली.

"ये तो मामाजी की गाड़ी है. और आप वो दूसरे वाले हो न?"

दूसरे वाले. मी विचारलं, म्हणजे?

"अरे, एक बार आपको लाते हैं, एक बार भाभी को. भाभी नहीं आईं बहुत दिन से. वो होतीं तो गाड़ी ऐसे बंद नहीं पड़ती. कान लगा के सही बता देती हैं. मामाजी को भी उन्होंने ही सिखाया."

मी तिला तुमची बातमी सांगितली. तिनं चष्मा काढून पुसला. मला मात्र तेव्हा रडू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं, तो कानही तुमचा नव्हता. आणि मिलमध्ये काम नव्हतंच.

मिलचं खोटं काऊन सांगितलं, मामा? मला काय वाटलं असतं? मी रुसलो असतो, हे खरं आहे. पण निदान खरं माहीत असून रुसलो असतो.

मग हळूहळू एकेक कळत गेलं. मी म्हणायचो नवेगाव बांधला जाऊ, तर तुम्ही म्हणायचे, लांब पडते. मामी बोलता बोलता म्हणून गेली की परतीच्या वाटेवर तुम्ही तिला तिथं न्यायचे, तळ्याकाठी बसून तळलेली मासोळी खायचे. तिला लांब पडत नव्हतं काय? मला बागनदीला एक चहा आणि समोसा. अर्धा समोसा तर तुम्हीच खायचे.

तिनं दोनदा फोन केला. "गोलू, एक डाव मले बागनदीले घेऊन चाल न." पहिल्यांदा मी म्हटलं, ताप आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, मित्राचं लग्न आहे. दोन्ही रविवारी मी एकटा गेलो. तुमची गाडी घेऊन, तिची मागची सीट रिकामी घेऊन. हे तुम्हाला सांगायलाच पाहिजे होतं.

आज शनिवार. मामी सकाळच्या गाडीनं आमगावला आली. आपल्याकडे मामा-मामी भाच्याच्या पाया पडतात, तशी दारातच वाकली. गुडघा धरून उठली आणि म्हणाली, "उद्या नेतोस काय?"

"टायर खराब आहे," मी म्हटलं.

तिनं अंगणात जाऊन टायर पाहिला. "नवा दिसते."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "तुमी त जातच होते न त्यांच्यासंग? चार वर्षं गेले. मले कोणी सांगतलं काय?"

ती खाटेवर बसली. पदरानं मान पुसली. मला वाटलं, आता ही रडेल. ती म्हणाली, "सगळेच रविवार माहे होते रे, पोट्ट्या. तू आयटीआय सोडून बसला, तुई आई फोनवर रडली. मीच तुया मामाले म्हटलं, एकाआड एक रविवार पोट्ट्याले घेऊन जा. आन त्याले सांगू नका, नाई त म्हणन मामीनं भीक देली."



"मले राग नसन येत काय?" ती म्हणाली. "तुमी दोघं गेले की मी दिवसभर भांडे घासो. घासलेले भांडे घासो."

आता सांगा मामा, मी करायचं काय? निदान राग तरी माझा होता, तोही तिचा जुना निघाला. माझ्याहून मोठा, माझ्याआधीचा. जळायचं म्हटलं तरी ही बाई माझ्यापुढं. आणि वर ते रविवार तिनं दिलेले. मग तुमच्याकडून म्हणून मला काय मिळालं? हे विचारून राहिलो, उत्तर येणार नाही हे माहीत असून. एवढं तरी म्हणून जायचं होतं की तुम्हालाही मला न्यावंसं वाटत होतं. वाटत होतं न?

मी मामीला हो म्हटलं आहे. ती आत आईजवळ झोपली आहे, उद्यासाठी चांगलं लुगडं काढून ठेवलं आहे.

तर शब्द देतो. उद्या तिला घेऊन जातो. टाकीला कान तीच लावेल, ती म्हणेल तिथं थांबीन. नवेगाव बांध म्हणाली तर तिथंही, आणि तोंड वाकडं करणार नाही. देवरी सुटली की ती मागून काही ना काही बोलेल, तुमच्याशी बोलायची तसं. वाऱ्यात मला ऐकू येणार नाही. तेव्हा गाडी हळू करीन. मला हळू चालवता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, तरी करीन. पण त्याच्या पुढच्या रविवारी मी एकटा जाईन, आणि तुम्ही माझ्यासोबत यायचं. तिच्या नाही.

तुमचा अजून रुसलेला भाचा,
गोलू