खुडायची राहिलेली फुलं

मी, सुनीती श्याम खांबेटे, वय ७४, निवृत्त शिक्षिका, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. यंदा पडून माझा खुबा मोडला. डोकं शाबूत आहे. मुलगा केयूर याच्या माहितीसाठी हे मुद्दाम नमूद केले आहे.

१. गच्चीसह हा फ्लॅट मी माझ्या पगारातून, माझ्या नावावर घेतला. माझे दिवंगत पती श्याम यांनी धरून ठेवलेल्या बियांची मिरची मी दरवर्षी गच्चीत लावत आले. चैत्राच्या उन्हात रोप वीतभर असतानाच कळ्या धरतं. त्या खुडाव्या लागतात, हिरव्या जाळीची सावली करावी लागते. नाहीतर रोप खुरटतं आणि चार वाकड्या मिरच्या देऊन वाळतं. इस्पितळातून मी केयूरला बजावलं, "फुलं खुडत जा." तो म्हणाला, "हो गं आई, किती वेळा सांगशील?"

२. वॉकर टेकत घरी आले, तेव्हा एक अनोळखी जोडपं माझ्या स्वयंपाकघराची मापं घेत होतं. बाईंनी अदबीने विचारलं, "आजी, आपण इथे भाड्याने राहता का?" मला न विचारता केयूरने घर विकायला काढलं होतं. गच्चीतली रोपं करपली होती.
"फुलं का नाही खुडलीस?"
"अगं, फोटोत छान दिसत होती. जाळी पण त्यासाठीच काढली."
"आणि मी कुठे जायचं?"
"तळेगावला एक चांगला वृद्धाश्रम बघितलाय."

३. सबब हा फ्लॅट मुलगी अस्मिता हिला द्यावा. ती क्वचित येते आणि आल्यापासून घड्याळ बघते. पण सोबत गिऱ्हाईक आणत नाही.

४. शेजारच्या वासंती पेठे यांनी एक रोप आपणहून स्वतःच्या खिडकीत नेलं आणि खुडून वाढवलं. त्याचं बी, माझ्या सर्व कुंड्या आणि हयातभर गच्ची वापरण्याचा हक्क त्यांना राहील. अस्मिताने कुरकुर करू नये. केयूरने बी मागितलं तरी देऊ नये. तो मागणार नाही.

५. मला अग्नी अस्मिताने द्यावा, असं इथे आधी लिहिलं होतं. ते खोडलं आहे. केयूरनेच द्यावा. खाडाखोड माझीच असून शेजारी सही केली आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. पुढील दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

सही: सुनीती श्याम खांबेटे
साक्षीदार: १. दत्तोबा शिळीमकर २. संभाजी धनकवडे
पुणे, १४ सप्टेंबर २०२५