साहेबांवर धूळ उडू नये म्हणून

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा तो नाद आठवतो का? शाळेच्या खिडकीखालून बाजाराच्या गाड्या निघाल्या, की आपण त्याच ठेक्यावर कविता म्हणायचो.

तर राजश्री किसनराव व्याही यांस शालिकराम मास्तराचा रामराम. (वर्गात 'अरे' होतो, लेक दिल्यापासून 'अहो' झालो.) तुमचा दमा कसा आहे? सुभद्रा तुमच्याकडे अकोटला सुखातच असेल. पावसाळाभर चिखलाने अकोटची वाट बंद, लेकीचे तोंड दिसत नाही, एवढेच काय ते दुःख.

त्यावरच इलाज करायला नागपूरहून एक इंजिनियर साहेब आले आहेत. काय माणूस! चिंचेखाली खुर्ची टाकून गाड्या मोजायच्या, मग कपाशी किती पिकते, सरकी काढायची जिनं किती वाढतील, याचा मेळ घालून दहा वर्षांनी इथून किती गाड्या धावतील ते सांगायचे. कुंडलीविना भविष्य! रहदारी भरपूर दिसली तर अकोटपर्यंत पक्की सडक आणि नाल्यावर पूल. मी तर भारावून गेलो. अशा विद्वानाच्या अंगावर फुफाटा उडावा? छे! आज सकाळीच वेशीवर उभा राहून मी एकेक गाडी खालच्या नाल्यातून वळवली. शेजारचे खुशालराव तेवढे कुरकुरले, “काहून आडवून राहिले जी, मास्तर? कापूस भिजन ना!” मी म्हटले, पाहुणा आहे, जरा रीत पाळा. मग निवांत बसलेल्या साहेबांना शाळेतल्या झाडून साऱ्या कविता ऐकवल्या. ते सारखे रिकाम्या रस्त्याकडे पाहत होते. (मला वाटले, गहिवरले.)

दुपारी साहेब खिन्नपणे म्हणाले, “मास्तर, इथे रहदारीच नाही. उद्याचा दिवस बसतो, मग तसे कळवतो.” घरी आमच्या सौ. मैनाबाईला सांगितले, तर तिचा भाकरीवरचा हात थांबला. “धुरळा नाही, गाड्या नाही. मंग त्यानं मोजलं काय, तुमच्या कविता?”

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

आपला,
शालिकराम

ता. क. उद्या तुमच्या सगळ्या गाड्या या रस्त्याने धाडा. (लबाडी नव्हे, आज अडवलेल्याच परत करतो आहे.) पहिलीत सुभद्राला बसवा. पत्र आणणाऱ्या गड्याला चहा द्यावा.

आणखी : गाड्या नकोत. गडी निघणार तोच अवकाळी सर कोसळून गेली. रस्ता आणि नाला एक झाले, चाक फिरणे नाही. हातचा पूल गेला, व्याही.

पुन्हा आणखी : दारात कोणी हाक मारते आहे. अहो, साहेबच! बूट हातात, गुडघ्यापर्यंत काळी माती. मुक्कामाला निघालेली मोटार नाल्यात रुतली आहे. म्हणतात, “आधी बैल द्या मास्तर, पूल मी मागतो.”