तुळसामावशीच्या पत्रातली चकली

डोंबिवली (पूर्व)
रविवार, २१ नोव्हेंबर १९९९

राजमान्य राजेश्री सहदेवराव, मुक्काम न्यू जर्सी, यांना बालमित्र जगनचा कोपरापासून नमस्कार.

तिकडे थंडी पडली असेल, स्वेटर घालत असशीलच. इकडे माझी कंबर धरलीय, बाकी ठीक. तू ईमेलला उत्तर देत नाहीस म्हणून कागदावर लिहितोय. ईमेल पुसून टाकता येतं, कागद फाडावा लागतो, आणि तेवढे कष्ट तू घेणार नाहीस हे मला शाळेपासून माहीत आहे.

तर महिपतरावांच्या वेबसाइटचं सांगतो. (महिपतराव म्हणजे आपल्या ऑफिसच्या खालचे फराळवाले. परदेशी गेलेल्या पोरांना त्यांच्या आयांच्या वतीने चकल्या पाठवायचा उद्योग त्यांनी काढलाय आणि तो जोरात चाललाय, यावरून काय समजायचं ते समज.) या माणसाला रोज सकाळी नवा रंग सुचतो. काल 'शुभ दीपावली' पिवळं, आज केशरी, उद्या लुकलुकणारं. आणि आमचं सगळं पान प्रोग्रामच्या पोटात कालवलेलं, त्यामुळे एक रंग बदलायला गेलो की कुठला तरी स्वल्पविराम उडायचा आणि दुकानातून अनारसेच गायब व्हायचे. तू जाताना बजावून गेलेलास, जगन्या, रांधणारा वेगळा ठेव आणि वाढणारा वेगळा ठेव. डोकं चालवणारा प्रोग्राम एका फाइलीत, लोकांना दिसणारं पान दुसऱ्या फाइलीत. मी तेव्हा म्हणालेलो, शहाणपणा शिकवू नकोस. चुकलं बाबा, कान पकडतो. शेवटी अशी वाटणी करून देणाऱ्या, म्हणजे टेम्पलेटच्या, तीन व्यवस्था तपासायला घेतल्या. पहिली इंटरनेटवरून उतरवायला चार तास लागले आणि तिची इंग्रजी पुस्तिका वाचायला चार आठवडे. दुसरी भलतीच हुशार, तिच्यात पानातच पुन्हा प्रोग्राम लिहायची सोय, म्हणजे वाढप्याच्या हातात परत झारा. तिसरी तुझी, फ्लॉपीवर ठेवून गेलेलास ती, दीडशे ओळींची. पानात रिकाम्या जागा सोडायच्या, प्रोग्राम तेवढ्या भरतो, बाकी कशाला हात लावत नाही. तीच घेतली. (खरं सांगू? पहिल्या दोन बघायच्या आधीच घेतलेली. तिच्यात वरती तू लिहून ठेवलंयस, 'जगन्या, इथे बोट घालू नकोस.' ते वाचलं की तू शेजारच्या खुर्चीवर आहेस असं वाटतं.)

आता नवी गोष्ट आधी घरात चालवून बघावी, मग दुकानात. आणि इथेच माझं घोडं पेंड खातं. तुझी आई, आमची तुळसामावशी, ठाकुर्लीला एकटी. फोन केलास तरी तिला ऐकू येत नाही (मीही तिच्याशी पाटीवर मोठी अक्षरं काढूनच बोलतो), म्हणून तू माझ्याकडे ईमेल पाठवायचास आणि मी ते मराठी फॉन्टात टाइप करून, प्रिंट काढून रविवारी तिला नेऊन द्यायचो. अशी तीन आली. होळीनंतर बंद. पुढचे दोन रविवार मी 'नेट बंद आहे, मावशी' म्हणून वेळ मारून नेली. तिसऱ्या रविवारी ती दारातच उभी होती आणि मला तोंड दाखवायला जागा नव्हती. मग तुझ्या व्यवस्थेतलं पहिलं पान मी बनवलं ते तुझ्या पत्राचं. प्रिय आई, इथे अमुक हवा आहे, आज तमुक भाजी केली, डोळ्यांत थेंब वेळेवर घाल, तुझा सहदेव. प्रोग्रामला पाच हवामानं दिली, नऊ भाज्या दिल्या. तीन आठवड्यांत तीच भाजी परत येऊ नये आणि जुलैत बर्फ पडू नये, एवढी अक्कल त्यात घातली. सहदेव, दर रविवारी मी बटण दाबायचो आणि तुझं प्रेम पानभर छापून बाहेर यायचं. लाज वाटायची रे. पण मावशी भिंग धरून एकेक ओळ वाचायची, मग चहा टाकायची, आणि माझी पुढच्या रविवारची तयारी व्हायची.

तुझ्या व्यवस्थेचा मोठा गुण असा की प्रोग्रामला धक्का न लावता पान कोणीही बदलू शकतं. महिपतराव हरखलेच. दिवाळीआधी मी पानांची फ्लॉपी त्यांच्याच हातात दिली, म्हटलं, रंगवा काय रंगवायचं ते. त्याच फ्लॉपीवर पत्राचं पान होतं हे मी साफ विसरलेलो. त्यांनी एकही पान न सोडता सगळ्यांवर हात फिरवला. फ्लॉपी परत आली, मी प्रिंट काढली आणि न वाचताच खिशात घातली. (सात महिन्यांनी आपलंच खोटं कोण वाचत बसतो?) त्यामुळे ऐन दिवाळीच्या रविवारी मावशीला मिळालेलं पत्र असं: प्रिय आई, इथे थंडी आहे, आज भेंडीची भाजी केली, डोळ्यांत थेंब वेळेवर घाल, एक किलो चकलीवर पाव किलो चिवडा मोफत, त्वरा करा, तुझा सहदेव, आमची कोठेही शाखा नाही.

मावशीने ते शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मला हसूही फुटत होतं आणि मी दाराकडेही सरकत होतो. ती उठली, फळीवरचा डबा काढला. त्यात सगळी पत्रं. तीन वेगळी, सुतळीने बांधलेली. म्हणाली, ही सहदेवची. यात त्याचं ऑफिस आहे, त्याची गाडी आहे, मी कुठे नाही. चौथ्यापासून कोणीतरी विचारतंय, थेंब घातलेस का. अरे जगन, माझ्या डोळ्यांचं सहदेवला ठाऊकच नाही, मी कधी कळवलंच नाही त्याला. मी म्हटलं, मग मावशी, एवढे महिने बोलली का नाहीस? तर म्हणे, बोलले असते तर तुला रविवारी यायला काय निमित्त उरलं असतं? मी लहान पोरासारखा रडलो तिच्यापुढे. तिने पाठीवरून हात फिरवला आणि चहा केला. त्यात साखरेच्या जागी मीठ पडलं. मी कप संपवला आणि छान झालाय म्हणालो.

बाकी इकडे सगळं बरं. जपून राहा.

तुझा, आणि होळीपासून तूच असलेला,
जगन

ता. क. तुझ्या दीडशे ओळींत एक खोट सापडली. रिकामी जागा भरायची राहिली तर तुझा प्रोग्राम गप्प बसतो. त्याने ओरडायला पाहिजे. दुरुस्ती कळव.

ता. क. दुसरा. दुरुस्ती नाही कळवलीस तरी चालेल, पत्र त्यासाठी नाहीच. मावशीला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलीय ती फार तर येत्या होळीपर्यंत. तुला कळवणार नाही असं मी तिला वचन दिलेलं, ते आज मोडलं. कान गेलेच आहेत, डोळे गेले की तू काहीही पाठवलंस तरी ते तिच्यापर्यंत पोचायचं नाही. हाताने लिही. काळी शाई, बोटाएवढी अक्षरं, चार ओळी खूप झाल्या. हवामान नको.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधी एवढंच. आज सकाळी ठाकुर्लीला जाऊन आलो, रिकाम्या हाताने. निघताना मावशी म्हणाली, पुढच्या रविवारी पत्र आण. मी विचारलं, कोणाचं? म्हणाली, ज्याचं येईल त्याचं.