तुझ्या नाकाची गौर

आई,

शाळेत मी आता पोरांना मातीची माणसं करायला शिकवते. पहिल्या दिवशी सगळी एकच तोंड करतात, कॅलेंडरवरच्या देवाचं, गुळगुळीत. मग मी म्हणते, डोळे मिटा, ओला हात आपल्याच तोंडावरून फिरवा, हाड कुठं लागतं ते बघा आणि मग मातीला हात घाला. पोरं खिदळतात, तोंडं बरबटून घेतात, आयांच्या तक्रारी येतात. येईनात का! पण एखाद्याच्या हाताखालून खरंखुरं माणूस निघतं. हे तुझं शिकवणं. पेणच्या कारखान्यात तू गणपती घासायला बसायचीस, मी शेजारी साच्यात माती दाबायचे. "साच्यातून काय, कुणी पण काढील. तुजं काय हाय त्यात?" असं सगळ्यांसमोर म्हणायचीस, आणि मला असा राग यायचा!

त्या वर्षी रोह्याच्या एका घरातला गौरीचा मुखवटा फुटला. तसा साचा कारखान्यात नव्हता. शेठ म्हणाले, पोरी, हातानं करून बघ. माझं पहिलं स्वतःचं काम. तुझ्या सांगण्याप्रमाणे मी आपल्याच तोंडावरून हात फिरवत केलं आणि नाक आलं ते तुझं, मधे उंचवटा, टोकाला खाली वळलेलं. "आपलं नाक आलं गो गौरीला!" म्हणून तू हसलीस. रंग झाला, डोळे आखून झाले. न्यायच्या दिवशी सकाळी शेठनी गिऱ्हाइकाचं घर सांगितलं आणि तुझा चालता हात थांबला. ते तुझ्या भावाचं घर होतं. तू स्वतःच्या मर्जीनं लग्न केलंस म्हणून ज्यानं तुला उंबऱ्याबाहेर काढलं, आमची बहीण मेली म्हणून गावभर सांगितलं, तो हा माझा मामा. मी त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

"मोड ते," तू म्हणालीस. "आत्ताच मोड. त्याला वाटंल, मी मुद्दाम केलं."

"नाय मोडणार."

"ऐक गो माजं. त्याच्या तोंडून परत काय ऐकायची ताकद नाय माज्यात."

"तूच म्हणतेस ना, साच्यातलं नको म्हणून? मग आता?"

तू हात उगारलास. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. तू मूर्तींच्या फळ्यांआड भिंतीकडे तोंड करून बसलीस.

मामा मुखवट्यासमोर उभा आहे. तेच नाक त्याच्याही तोंडावर आहे, आणि भीतीनं मला हसू फुटायला आलंय. मग तो शेठना म्हणतो, "ह्ये नको. मोडून टाका. साच्यातलं कुठलं पण द्या." मोडून टाका! माझ्या अंगाची लाही लाही होते. पण मी तोंड उघडायच्या आत तू फळ्यांआडून बाहेर येतेस, मुखवटा उचलतेस आणि त्याच्या हातांत ठेवतेस.

"तू मोड, दादा. तुज्या हातानं मोड."

सगळा कारखाना काम टाकून बघतोय. गौर हातात आल्यावर माणूस करणार तरी काय? त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून ती गुंडाळली, छातीशी धरली आणि चालू पडला. तुझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. तू पुन्हा घासायला बसलीस.

वर्षानुवर्षं तीच गौर त्या घरी बसली. तुला बोलावणं कधी आलं नाही. तू गेल्यावर मामीनं मला निरोप धाडला, सणाला ये. मी भांडायचंच ठरवून गेले. तुझं तोंड शालू नेसून, नथ घालून मखरात बसलं होतं. थकलेला मामा त्याच्यापुढं ताट ठेवत पुटपुटत होता, "जेव बाय, जेव." जिवंतपणी विचारलं नाही मेल्यांनी, आणि आता मातीला घास! अगदी ओठांवर आलं होतं. मी हात जोडले नाहीत. पानावर मात्र बसले. हे तुला कळवायची सोय असती, तरी पुढचं मी गाळलंच असतं. नैवेद्याची तांदळाची घावनं फार मऊ होती, आई, आणि मी मागून मागून खाल्ली.