शंभरात बारा टकरी

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

आजपासून रोजनिशी. ही कोणासाठी नाही. शोध लागल्यावर छापायची वेगळी लिहीन.

कारण अश्वजितचा फोन. माझा विद्यार्थी, आसेगावचा. बारावीच्या प्रॅक्टिकलला तीसपैकी तीस मीच मिळवून दिले होते. आता जिनिव्हाजवळ जमिनीखालच्या त्या गोल बोगद्यात प्रोटॉनवर प्रोटॉन आपटणाऱ्या लोकांत आहे. म्हणाला, सर, पीएचडी झाली. मी विचारलं, काय सापडलं? म्हणाला, कायीच नाई सापडलं जी. सुपरसिमेट्रीचे कण, म्हणजे प्रत्येक कणाचा न दिसलेला जोडीदार, ते शोधून राह्यलो होतो, अमुक वजनापर्यंत ते नाहीत एवढं दाखवलं.

काहीच सापडलं नाही, यावर डॉक्टरेट! आमच्या वाशिमकडच्या मालेगावच्या आठवडी बाजारात माझा चष्मा पडला तेव्हा मलाही दोन तास काहीच सापडलं नव्हतं. मला कोणी डॉक्टर म्हटलं नाही.

संताप आवरेना. वर म्हणतो, डेटा खुला हाय सर, कोणीबी पाहू शकते. म्हणजे आव्हानच.

संकल्प: ३१ मेला रिटायर होतो. त्याच्या आत कण सापडला पाहिजे. एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं आणि शास्त्राच्या एकाही कागदावर माझं नाव नाही. लग्नपत्रिकांवर निमंत्रक म्हणून आहे, तेवढंच.

२५ नोव्हेंबर

साधनाला सांगितलं. ती म्हणाली, सापडला तर ठेवसान कुठी? एवढ्या वर्षांच्या संसारात हिने माझ्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.

१ डिसेंबर

प्राचार्य गोपीचंद सरांना लॅबचा नवा कॉम्प्युटर घरी मागितला. कशाला, म्हणाले. सोप्या भाषेत समजावलं. समजा चौफुलीवर सोयाबीनच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर धडकल्या. पोती दोन्ही बाजूंना सारखी उडाली पाहिजेत. सगळी डावीकडेच पडलेली दिसली, तर उजवीकडची कोणीतरी न दिसता पळवली. प्रोटॉनच्या टकरीतही असंच. एका बाजूची ऊर्जा बेपत्ता असेल, तर ती न दिसणाऱ्या कणाने नेली. तोच आपला कण.

सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, ते ठीक हाय जगदेव सर, पण पोत्यायचा मालक कोण? हा मनुष्य माझा वरिष्ठ आहे.

कॉम्प्युटर मिळाला. अट: २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला कॉलेजचं नाव झालं पाहिजे. मी म्हटलं, जगात होईल.

७ डिसेंबर, रविवार

सहा पानं गणित केलं. टकरींची जी चित्रं मी निवडली आहेत, त्यांत शंभराला बारा वेळा ऊर्जा बेपत्ता असली पाहिजे. बारा. पाचव्या पानावर एक चिन्ह उलटं पडलं होतं, पण उत्तर चांगलं येत होतं म्हणून तसंच ठेवलं.

अश्वजितला फोन. म्हणाला, शंभरात चार-पाच तर अशाच निघतात सर. न्यूट्रिनो पळून जातात, कधी यंत्रालेच एखादी गोष्ट दिसत नाही. तुमी बारा आधीच ठरवू नोका, आमी तर मोजेपर्यंत आकडा झाकून ठेवतो. झाकून! ज्यांना आपलं उत्तर माहीत नाही त्यांनी झाकावं. मला माहीत आहे.

१४ डिसेंबर, रविवार

चित्रं हजारो आहेत. माझ्यासारख्याने एकेक बघत बसणं म्हणजे हेडमास्तरने घंटा वाजवण्यासारखं. अकरावीची मुलं घरी बोलावली. राखी, हरीओम, प्रसेनजित आणि राखीची चुलत बहीण तुळसा. काम सोपं: स्क्रीनवर चित्र बघायचं, दोन्ही बाजूंच्या रेषा सारख्या असतील तर 'समतोल', नसतील तर 'बेपत्ता'.

राखीने विचारलं, सर, किती याले पाह्यजे? हुशार पोरगी. मी फळ्यावर मोठ्ठा बारा लिहिला. प्रॅक्टिकललाही मी आधी उत्तरच लिहितो, मग रीडिंग. वेळ वाचतो, मुलांचा गोंधळ होत नाही, बाहेरून आलेले परीक्षकही जेवायला वेळेवर मोकळे होतात.

२१ डिसेंबर

पहिल्या शंभरात: बारा!!

साधनाला ओरडून सांगितलं. ती म्हणाली, मले ऐकू येते, कायले बोंबलून राह्यले.

२८ डिसेंबर

दुसरे शंभर: बारा. हरीओमच्या गटाला राखीच्या गटापासून वेगळं, अंगणात बसवलं होतं. दोन स्वतंत्र गट, एकच उत्तर. याला विज्ञान म्हणतात. अश्वजितला मेसेज केला. उत्तर आलं: सर, दोन्ही गटात हुबेहूब बारा? थोडं खालीवर व्हायला पाहिजे. म्हणजे कमी आलं तरी बोंब, बरोबर आलं तरी बोंब. जळतो आहे.

४ जानेवारी २०२६

दुपारभर लाइट नव्हती. कॉम्प्युटर बंद. मी कपाळाला हात लावून पडून राहिलो. संध्याकाळी उठून पाहतो तर मुलांनी पुढच्या शंभरांचं काम पूर्ण करून ठेवलेलं. बारा.

याला म्हणतात निष्ठा. आजची पिढी बिघडली म्हणणाऱ्यांना इथे आणून बसवलं पाहिजे.

१८ जानेवारी

आतापर्यंत सगळ्या शेकड्यांत बारा. एकदाच तेरा आले. तुळसा रडकुंडीला आली, सॉरी सर, मी पुन्हा पायते, म्हणाली. पाहिलं. बारा निघाले.

कणाला नाव काय द्यावं? 'जगदेवॉन' बरं वाटतं. साधना म्हणाली, कीटकनाशकाचं नाव वाटून राह्यलं. या घरात मोठं काही घडू शकत नाही.

२ फेब्रुवारी

अश्वजित बहिणीच्या लग्नाला आसेगावला येतो आहे. गोपीचंद सरांनी परस्पर त्यालाच विज्ञान दिनाचा प्रमुख पाहुणा केला! ज्याला काही सापडलं नाही तो पाहुणा, आणि ज्याला सापडलं तो आभार मानणार. मी खुर्ची आपटून बाहेर आलो. खुर्चीचा पाय निघाला. तो माझ्या नावावर लिहून ठेवला म्हणे.

नंतर शांतपणे विचार केला. येऊ दे. त्याच्यासमोरच जाहीर करीन. निदान एक तरी जाणकार माणूस हॉलमध्ये असेल.

२७ फेब्रुवारी

भाषण पाठ. नवा शर्ट. पेपरवाला येणार आहे, मालेगावचाच, पण छापतो वाशिम आवृत्तीत. साधना म्हणाली, जरा दमानं बोलजा, रागात तुमी इंग्रजी बोलता अन् कोणाले समजत नाई. दमानं! जगाने मला एकतीस वर्षं दमानं घेतलं, तेवढं पुरे.

२८ फेब्रुवारी, रात्री

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

मी बोललो. उत्तम बोललो. शेवटी म्हणालो, सुपरसिमेट्रीचा कण मालेगावात सापडलेला आहे. टाळ्या. गोपीचंद सर उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यांना पोत्यांचा मालक मिळाला असं वाटलं असावं.

मग अश्वजित उठला. आधी माझ्या पाया पडला. लोकांना आवडलं, मला तेव्हाच संशय यायला हवा होता. माईक घेऊन मुलांना प्रेमाने म्हणाला, लय मेहनत केली तुमी. एक सांगा, कोणती टक्कर बेपत्ता अन् कोणती समतोल, हे तुमी कसं ठरवत होते?

प्रसेनजित ताठ उभा राहिला. खणखणीत आवाजात म्हणाला, सर, पयले उत्तर घेतलं, मंग रीडिंग बसवल्या. प्रॅक्टिकलले बसवतो तशाच.

हॉलमध्ये एकही माणूस हसला नाही. हेच भयंकर. कोणाला त्यात काही चुकीचं वाटलंच नाही! मुलांनी माना डोलावल्या, पालकांनी डोलावल्या, केमिस्ट्रीच्या मॅडमनी तर जोरात डोलावली. गोपीचंद सर म्हणाले, शिस्त आहे आमच्या मुलाइले. परत टाळ्या.

फक्त अश्वजित वाजवत नव्हता. आणि मी.

१ मार्च, रविवार

दोषी: १) प्रसेनजित. इतकं खरं बोलायची गरज नव्हती. २) अश्वजित. पाहुण्याने प्रश्न विचारायचे नसतात, नारळ घ्यायचा असतो. ३) लाइट. ४) साधना. का ते नंतर लिहीन.

मुलांना बोलावून झाडलं. तुम्ही खोटे आकडे लिहिलेच कसे? राखी खरंच गोंधळली. म्हणाली, सर, खोटे कायचे? तुमीच तर फळ्यावर लिहून देल्ले होते. मग हळूच म्हणाली, आमी ते चित्र पाह्यलेच नाई जास्त. पाह्यले असते तर आकडा बदलला असता ना.

मी दार आपटलं. आतून कडी लागली आणि मीच बाहेर राहिलो. साधना मागच्या दाराने येऊन उघडेपर्यंत मुलं पायरीवर माझ्यासोबत बसून राहिली.

२ मार्च

अश्वजित घरी आला. चहा घेतला, मग जेवायला बसला. म्हणाला, सर, मीबी इथून शिकून गेलो तवा तिथी पयले वर्षभर असंच करत होतो. उत्तर विचारत होतो. गाइडनं मले सांगितलं, उत्तर माहीत असतं तर एवढा मोठा बोगदा कायले खोदला असता? मी म्हटलं, मग तुमच्या बोगद्याला तरी काय मिळालं? तो म्हणाला, तिथी नाई हे समजलं सर. आता दुसरीकडे पाहता येते.

असल्या उत्तराने मला जास्तच राग येतो. मी म्हटलं, मला मे महिन्यापर्यंतच वेळ आहे, दुसरीकडे कधी पाहू? साधनाने त्याला अजून एक पुरणपोळी वाढली. विचारलं नाही, सरळ वाढली.

६ मार्च

जायच्या आधी अश्वजितने मुलांना घेऊन लॅबमध्ये जुन्या मशीनवर दोन दिवस सगळं नव्याने मोजलं. फळ्यावर काही लिहिलं नाही. मला बोलावलं होतं. मी गेलो नाही, बीपी होतं.

संध्याकाळी मुलं धावत घरी आली. राखी दारातूनच ओरडली, सर, कायीच नाई सापडलं! चार, सहा, तीन, पाच, असेच येऊन राह्यले! हरीओम नाचत होता. मी इतकी आनंदी मुलं बोर्डाच्या निकालालाही पाहिली नाहीत. गोपीचंद सरांनी पेढे वाटले. काहीही न सापडल्याचे पेढे! माझ्या शोधाला एक फाटका हार मिळाला होता.

आणि आता त्यांना माझ्याकडचा कॉम्प्युटर हवा आहे. मोजणी पुढे चालवायची म्हणतात. रविवारी चारला न्यायला येणार. न्या म्हणावं. वायरसकट न्या.

८ मार्च, रविवार

सकाळी विचार केला, कॉम्प्युटर जाण्याआधी एकदा आपण स्वतः पाहू. मुलांना काय कळतं. या सगळ्या काळात मी स्वतः एकही टक्कर पाहिलेली नव्हती. देखरेख करणाऱ्याने ती पाहायची नसते, असं माझं मत होतं.

फाइल कशी उघडायची तेच समजेना. फोन करून विचारणार नव्हतो. शेवटी उघडली.

पहिलं चित्र. हिरव्या-पिवळ्या रेषा, मधल्या बिंदूतून सगळीकडे फेकलेल्या. दोन्हीकडे सारख्या. समतोल. दुसरं. समतोल. तिसरं. एकीकडे बरंच कमी. बेपत्ता. मग कितीतरी समतोल. साधनाने दोनदा जेवायला बोलावलं.

एका चित्राशी मात्र थांबलो. डावीकडे रेषांचा झाडू, उजवीकडे कोरी जागा. स्वच्छ. हाच तो. खुर्चीतून उठलो, परत बसलो. चष्मा पुसून जवळ गेलो. उजवीकडे एक रेष होती. पातळ, फिकट, पण लांब, डावीकडचं सगळं तोलून धरणारी.

बराच वेळ त्या रेषेकडे पाहत बसलो. तिला न पाहिल्यासारखं करणं काहीच कठीण नव्हतं. घरात कोणी विचारणारं नव्हतं. राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं, आणि कोणावर ते सांगता येईना. लिहिलं: समतोल.

शंभर पूर्ण केले तेव्हा मुलं दारात उभी होती. बेपत्ता: पाच.

राखीने विचारलं, सर, सापडलं? मी म्हणालो, नाही. किती आले? पाच. ती बाकी तिघांकडे वळून ओरडली, पाहा रे, सरांचंबी आपल्यासारखंच आलं! मग तिने न विचारता कागद काढला. शाळा-कॉलेजांच्या प्रदर्शनासाठी ते पोस्टर करत आहेत: 'मालेगावात सुपरसिमेट्री का सापडली नाही'. म्हणाली, तुमीबी मोजलं ना सर, मंग तुमचं नाव टाका लागते.

टाकलं. शेवटचं. हरीओमच्या खाली.